तुळयांचे नंबर

सोहारला, बंदराच्या मागे, जिथून समुद्र दिसत नाही,
फक्त त्याचा खार पत्र्यांना लागतो,
तिथे आम्ही आमचाच कँप उतरवतोय.
चौऱ्याहत्तर केबिनी. दुक्मला न्यायच्या.
माझं काम नंबरांचं:
प्रत्येक भिंतीवर, छतावर, दारावर पिवळ्या रंगाने आकडा,
म्हणजे तिकडे एकाचं छत दुसऱ्याच्या डोक्यावर जायला नको.

क्रेनवर ग्वो यानबिन. गाव शीआन.
उन्हाची सुट्टी, साडेबारा ते साडेतीन.
ट्रकच्या पोटाखाली सावली तेवढीच, दोघांपुरती.
तो बोलतो, आणि त्याच्या फोनमधली बाई हिंदीत सांगते,
चुकतमाकत, पण अगदी ठाम आवाजात.

म्हणाला, माझ्या गावाचं जुनं नाव चांगआन.
बाई म्हणाली, ‘हमेशा चुप’.
तो हसला, परत बोलला. ‘हमेशा शांति.’
राजधानी. एकशे आठ वाड्या, चौकटीच्या वहीसारख्या,
प्रत्येक वाडीला भिंत, प्रत्येक भिंतीला फाटक.
एकशे आठ म्हटल्यावर मी म्हटलं, जपमाळेचे मणी.
सतीश धुरी झोपेतून म्हणाला, ॲम्ब्युलन्स.

संध्याकाळी नगारे वाजत. शेकडो ठोके.
शेवटच्या ठोक्यानंतर रस्त्यावर सापडला त्याला फटके.
आमचं फाटक अकराला लागतं.
उशीर झाला तर फटके नाहीत, दोन रियाल कापतात.
ग्वोला हे सांगितलं. त्याने बोटांवर हिशेब केला,
आणि फटके स्वस्त, असं काहीसं म्हणाला.

पश्चिमेच्या बाजारात तुझ्या या किनाऱ्याचेही लोक होते, म्हणाला.
मी म्हटलं, माझा किनारा वेंगुर्ल्याचा.
हा खलफानचा.
खलफान पाण्याचा टँकर लावत होता, त्याने फक्त हात केला.

मग अकराशे वर्षांपूर्वी एक सेनापती आला.
शहर जाळलं नाही. ते आधीच दोनदा जळून झालं होतं.
त्याने ते सोडवलं.
राजवाडे, कचेऱ्या, लोकांची घरं,
तुळई तुळईपासून, खुंटी भोकापासून वेगळी,
आणि लाकडं वेई नदीत लोटली.
खाली लोयांगला दुसरी राजधानी उभारायची होती.
नदीभर छपरं वाहत होती.
काठाने माणसं चालत होती, शिव्या देत, रडत,
आपापल्या घरावर नजर ठेवून.

मी विचारलं, नंबर घातले होते का तुळयांवर?
ग्वो गप्प झाला.
फोनमधली बाईही गप्प.
मग म्हणाला, माहीत नाही. लिहिलेलं नाही कुठे.
पण कुणीतरी घातले असणार.
तुझ्यासारखा कुणी. रंगाचा डबा घेऊन.

त्याचा बाप त्या राजवाड्याच्या खोदकामावर राखणदार होता.
काय राहिलंय तिथे?
मातीचे चौथरे. खांबांखालचे दगड.
दगड तरंगत नाहीत, म्हणून.

साडेतीनला भोंगा झाला.
बावन्न नंबर उचलली, ती माझीच.
नऊ वर्षं. चार खाटा, आळीपाळीने अकरा माणसं.
हवेत ती फिरली, तेव्हा मला तिचं तळ पहिल्यांदा दिसलं,
गंजलेलं, आणि त्याला चिकटलेला एक मोजा.

खाली काँक्रीटचे सहा ठोकळे उरले.
आणि एसीचं पाणी ठिबकायचं तिथे
वहीच्या पानाएवढी हिरवी मेथी.
कुणी पेरली कुणास ठाऊक. सुभान असेल, तो गेला मार्चमध्ये.
ब्रश हातात होता. उगाच वाकलो, उगाच उठलो.

ग्वो खाली उतरून आला,
एक काडी खुडली, चावली, तोंड वाकडं केलं.
बाईला काही सांगितलं नाही.
शिडी चढून परत वर गेला.
त्रेपन्न.